फरियाद आणि फिर्याद

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माणसाला मराठीत लिहिताना काही शब्द वाटेत अडवतात. 'फिर्याद' हा त्यांपैकी एक. उर्दूत फरियाद म्हणजे हाक, ज्याच्यावर जुलूम झाला त्याचा आक्रोश. ती गझलेत असते, दुआमध्ये असते, आजारी माणसाच्या उशाशी असते. तोच फारसी शब्द मराठीत आला आणि कचेरीत जाऊन बसला. मराठीत फिर्याद म्हणजे पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात दाखल झालेला मजकूर. तिला तारीख असते, कलम असते, आणि मुख्य म्हणजे तिच्यात आरोपीचे नाव असते. या दोन शब्दांत अंतर किती, हे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांत फार लवकर कळते. फरियाद घरोघरी ऐकू येते. फिर्याद कोणी देत नाही.

मला लिहायचे आहे ते परदेशी नोकरीच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल, आणि खरे म्हणजे त्या फसवणुकीनंतर पसरणाऱ्या शांततेबद्दल. एक काम सांगून दुसऱ्याच कामाला जुंपलेला, पासपोर्ट हातात नसलेला, महिनोन् महिने पगार न मिळालेला मुलगा कसाबसा परत येतो. त्याला पाठवणारा एजंट गावातच असतो. शुक्रवारी जमातमध्ये दोघे एकाच रांगेत उभे राहतात. जे झाले तो गुन्हा होता का? असेल तर तसे म्हणायचे कोणी? एजंटाचे उत्तर ठरलेले असते. "मी काय त्याला पोत्यात बांधून नेला? स्वतःच्या पायांनी विमानात चढला." यावर आपण गप्प होतो, कारण वाक्य खरे असते. मुलगा खुशीने गेला होता. आईने बांगड्या खुशीने मोडल्या होत्या. बापाने हुंडीवर खुशीने सही केली होती. या खुशीचे करायचे काय, हा नीतीचा प्रश्न आहे. तो कायद्याच्या पुस्तकातही आहे आणि आमच्या ओटीवरही आहे.

कोकणाला हा प्रश्न नवा नाही. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. फसवून, पळवून नेल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की 1839 मध्ये ही वाहतूक बंद करावी लागली. 1842 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही त्यात होते. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि सातारा भागांतली मराठी माणसे पुष्कळ होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणून ओळखले जातात. 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख माणसे त्या बेटावर उतरली. ही सगळी माणसे 'संमतीने' गेली, हे इथे महत्त्वाचे. माणूस समजून-उमजून चालला आहे की नाही हे अधिकाऱ्याने पाहावे, कराराच्या अटी त्याला सांगाव्यात, अशी सोय कायद्यातच होती. माणूस हो म्हणे. अंगठा उठे. कागद पूर्ण होई. अ‍ॅग्रीमेंट या शब्दाचे पुढे 'गिरमिट' झाले, आणि त्या बोली शब्दात ती सगळी कहाणी आली.

तो 'हो' खोटा होता असे मी म्हणणार नाही. घरात भात नसलेला माणूस हो म्हणतो तेव्हा तो मनापासूनच म्हणतो. पण समुद्र किती मोठा आहे, मुदतीआधी काम टाकले तर तुरुंग आहे, मळ्याबाहेर विनापरवाना फिरले तर पकडतात, हे त्याला किती कळले होते? अंगठा घेणाऱ्याला हे सगळे ठाऊक होते. देणाऱ्याला नव्हते. माझ्या मते सगळा प्रश्न इथे आहे. पुढचे बाकीचे तपशील आहेत.

मॉरिशसनंतर जहाजे. रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी पिढ्यान् पिढ्या आगबोटींवर चाकरीला होते, आणि त्यात आमच्या समाजाचा वाटा मोठा होता. मुंबईत त्यांची भरती सारंग, दलाल आणि खानावळवाले यांच्या हातून होई. जहाज मिळेपर्यंत खलाशी खानावळीत उधारीवर राही आणि जहाज मिळाले की पहिले पगार त्या उधारीत जात. 1920 मध्ये जिनोआला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत खलाशांसाठी एक करार झाला. खलाशाला नोकरी मिळवून देणे हा कोणी नफ्याचा धंदा करू नये, असे त्यात ठरले. दोनच वर्षांनी, 1922 मध्ये, हिंदुस्थान सरकारने क्लो यांची समिती नेमून इथल्या खलाशी भरतीची पाहणी केली. शंभर वर्षे उलटली. नोकरी मिळवून देण्याचा धंदा कसा चालला आहे हे पाहायचे असेल तर आमच्याकडे कोणत्याही मोहल्ल्यात यावे.

1973 नंतर तेलाचा भाव चढला आणि आखाताचे दार उघडले. त्या पैशाने इथे घरे उभी राहिली, मुलींची लग्ने झाली, माझ्यासारख्या मुलींची बी.एड.पर्यंतची शिक्षणे झाली. हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. म्हणूनच एजंट हा आमच्याकडे खलनायक नाही. तो रस्ता दाखवणारा आहे. 'दलाल' या अरबी शब्दाचा मूळ अर्थही वाट दाखवणारा असाच आहे. 'कफील'ही तसाच. आखातात ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक म्हणजे कफील. पण कफालत म्हणजे जामीन राहणे, सांभाळ करणे. हजरत जकरियांनी लहानग्या मरियमचा सांभाळ पत्करला, तिथे कुरआनात हाच धातू आला आहे. पालकत्वाच्या शब्दाखाली माणसाचा पासपोर्ट कपाटात कधी गेला, हे भाषेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी शोधावे.

आता कायद्याकडे येते. संयुक्त राष्ट्रांनी 2000 मध्ये दोन वेगळे करार केले. एक माणसांच्या व्यापाराविरुद्ध, दुसरा माणसांच्या तस्करीविरुद्ध. फरक सरळ आहे. पैसे घेऊन एखाद्याला चोरवाटेने सरहद्द पार करून देणे ही तस्करी. तिथे गुन्हा सरहद्दीचा, राज्याचा. व्यापारात सरहद्द ओलांडली पाहिजे असेही नाही. फसवून, धाक दाखवून किंवा कोणाच्या लाचारीचा फायदा घेऊन त्याला राबवण्यासाठी भरती करणे, नेणे, ठेवून घेणे, हा व्यापार. तिथे गुन्हा माणसाविरुद्ध. भारताने या करारांना 2011 मध्ये मान्यता दिली आणि 2013 मध्ये भारतीय दंडविधानाचे कलम 370 नव्याने लिहिले गेले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम 143 आहे. एका माणसाच्या व्यापाराला कमीत कमी सात वर्षे सक्तमजुरी आहे. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात एक छोटे वाक्य आहे. गुन्हा ठरवताना पीडिताची संमती गैरलागू आहे, असा त्याचा अर्थ.

प्रथम वाचताना हे वाक्य थोडे अपमानास्पद वाटते. सज्ञान माणसाच्या 'हो'ला किंमत नाही म्हणजे काय? आपण मुलांना वर्गात शिकवतो की स्वतःच्या शब्दाची जबाबदारी घ्या. पण कायदा त्या माणसाला अज्ञानी ठरवत नाही. एजंटाच्या पोत्याच्या वाक्याला तो बचाव म्हणून उभे राहू देत नाही, इतकेच. या विचाराचे मूळ आपल्याकडे जुने आहे. राज्यघटनेच्या 23व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी केली आहे. 1982 मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, न्यायमूर्ती भगवती यांच्यासमोर प्रश्न आला की मजूर स्वतःहून कमी मजुरीवर आला तर ती सक्ती कशी? न्यायालयाने सांगितले की सक्ती बंदुकीचीच असावी लागत नाही. भूक आणि गरिबी ज्याला दुसरा पर्यायच ठेवत नाही, त्याच्यावरही सक्तीच झालेली असते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणे म्हणूनच वेठ ठरले.

इतके स्पष्ट असूनही खटले का उभे राहत नाहीत?

गावात इंग्रजी-मराठी अर्ज लिहिण्याचे काम शिक्षकांकडे येते. शिधापत्रिकेपासून पासपोर्टपर्यंत. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याची आई माझ्याकडे आली. मुलगा दहावी पास, गाडी चांगली चालवायचा. घरगुती ड्रायव्हरची नोकरी सांगून त्याला सौदीला पाठवले होते. दीड लाख रुपये घेतले होते. तिथे पोहोचल्यावर त्याला शहरापासून दूर एका मजऱ्यावर, म्हणजे शेतवाडीवर, मेंढ्यांमागे ठेवले. पासपोर्ट कफीलकडे, "हरवू नये म्हणून". पाच महिन्यांत एकदाच पगार. मोबाइल चार्ज करायला मिळे तेव्हा तो फोन करी. आईला दूतावासासाठी अर्ज हवा होता. परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' नावाचे पोर्टल 2015 पासून आहे, त्यावरही तक्रार टाकायची होती. मी सगळे विचारून लिहून घेतले. कफीलचे नाव, मजऱ्याचा ठावठिकाणा, व्हिसाचा क्रमांक. मग विचारले, पाठवले कोणी?

"ते नका घालू, मॅडम. घरचाच माणूस आहे."

घरचा म्हणजे तिच्या धाकट्या नणंदेचा दीर. त्याच घरात तिच्या मुलीची सोयरीक ठरत होती. शिवाय थोरला मुलगा सात वर्षांपूर्वी त्याच्याच हातून कुवेतला गेला होता आणि व्यवस्थित होता. घराचा स्लॅब त्याच पैशाचा. तिचे म्हणणे मला समजत होते. तिला मुलगा परत हवा होता, न्याय नको होता. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे बाहेर बसून लेख लिहिणाऱ्याने विसरू नये. अर्ज एजंटाच्या नावाशिवाय गेला. मुलगा अकराव्या महिन्यात खुरूज लागून, म्हणजे कायमचा बाहेर जाण्याचा शिक्का घेऊन, परत आला. दीड लाख गेले ते गेलेच.

या प्रकरणामुळे मी 1983चा उत्प्रवास कायदा वाचला. नोंदणी नसलेल्याला परदेशी नोकरभरती करता येत नाही, हे त्यात आहे. सब-एजंट नावाचा माणूस तर कायद्याला ठाऊकच नाही, आणि आमच्या गावांत भेटतात ते सगळे सब-एजंटच. नोंदणीकृत एजंटानेही तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजार! हंगामाच्या सुरुवातीला हापूसची एक पेटी याहून महाग असते.

याच कायद्यात माझ्या व्यवसायाशी संबंधित एक विचित्र गोष्ट सापडली. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ई.सी.आर.ची नोंद असते. त्याला आखातातल्या आणि इतर मिळून अठरा देशांत नोकरीला जायचे तर मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाची मंजुरी लागते. तिथे करार पाहिला जातो, पगार पाहिला जातो. दहावी पास झाला की ही मंजुरी लागत नाही. शिकलेला माणूस स्वतःचे रक्षण करू शकतो, असा त्यामागचा विश्वास. म्हणजे गणितात पस्तीस गुण मिळाले की माझा विद्यार्थी अरबी करारनामा वाचू शकतो असे सरकार धरून चालते. त्यात अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आम्हा शिक्षकांच्या हातचे असतात, ही गोष्ट वेगळी. वरचा मुलगा दहावीत नापास झाला असता तर निदान एका अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याचा करार उघडला गेला असता.

पण मला सर्वांत जास्त थांबवले ते कलम 27ने. या कायद्याखाली खटला भरायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. एक अपवाद आहे. ज्याची फसवणूक झाली त्याने स्वतः, किंवा त्याच्या वतीने बाप, आई, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांपैकी कोणी फिर्याद दिली तर परवानगीची गरज नाही. दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांनी किल्ली घरातच ठेवली आहे. आईच्या हातात. आणि नेमकी तीच माणसे अशी आहेत की ज्यांना ती फिरवता येत नाही, कारण समोरचा 'घरचाच' असतो. कायद्याने रक्ताच्या नात्यावर विश्वास टाकला; आमच्या गावात ते नाते फिर्यादीशी आहे तसेच आरोपीशीही आहे.

मग एजंटाला काय म्हणायचे? चोर? मी पुष्कळ विचार केला. त्या माणसाने दिलेला व्हिसा खरा होता. शिक्का खरा, तिकीट खरे. मी एकदा एका लग्नात त्याच्या तोंडून ऐकले, "आपण व्हिसा देतो, नशीब देत नाही." या वाक्यावर लोक हसले आणि बिर्याणीकडे वळले. पण घरगुती ड्रायव्हरच्या व्हिसावर माणसे मजऱ्यावर जातात हे त्याला माहीत होते, कारण तो मुलगा पहिला नव्हता. त्याने स्वतःच्या मुलाला दुबईच्या दुकानात पाठवले, मजऱ्यावर नाही. ज्याला दोन्ही बाजू माहीत आहेत तो एकच बाजू दाखवून पैसे घेतो, तेव्हा त्याला नशिबाचे नाव घेता येणार नाही. ज्याला खरोखर माहीत नव्हते तो मूर्ख किंवा बेपर्वा असेल. त्याचा न्याय मी वेगळा करीन. अंगठा घेणाऱ्याला काय ठाऊक होते, हा मॉरिशसच्या वेळचा प्रश्न इथेही तसाच लागू पडतो.

आपल्या समाजात यावर म्हटले जाते की घरातली गोष्ट घरात मिटवावी, भावाचा ऐब झाकावा. ऐब झाकण्याची शिकवण खरी आहे, पण ती माणसाच्या खाजगी दोषाबद्दल आहे. साक्षीबद्दल सूरह अन्-निसाच्या 135व्या आयतीत हुकूम आहे तो असा की न्यायावर ठाम राहून साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध किंवा जवळच्या नातलगांविरुद्ध का जाईना. समोरचा श्रीमंत आहे की गरीब हेही पाहू नका. यात 'नातलग' हा शब्द स्पष्ट आहे. वाजमध्ये ही आयत मी अनेकदा ऐकली आहे, पण ती बहुतेक वेळा वारसाहक्काच्या भांडणासंदर्भात येते. एजंटाच्या संदर्भात ऐकलेली नाही.

न विचारण्याची सवय किती दूर नेते, हे याच किनाऱ्याने पाहिले आहे. शेजारच्या रायगड जिल्ह्यात वर्षानुवर्षे चांदी-सोन्याचा चोरटा माल उतरे. माल वाहणाऱ्याला रात्रीची मजुरी मिळे आणि खोक्यात काय आहे हे विचारायचे नाही असा रिवाज होता. कस्टमच्या आणि पोलिसांच्या काही लोकांनाही तो मानवला होता. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला उतरलेल्या खोक्यांत शस्त्रे आणि आर.डी.एक्स. होते. 12 मार्चला मुंबईत 257 माणसे मेली. खास न्यायालयाने 2006-07 मध्ये शंभर जणांना दोषी ठरवले, त्यांत कस्टमचे अधिकारी होते, पोलीस होते. त्यानंतर किनाऱ्यावरच्या साध्या माणसांनाही नावामुळे किती वर्षे संशय सहन करावा लागला ते मी लहानपणी पाहिले आहे, आणि त्या संशयाचा अन्याय मला मान्य आहे. तरी खोक्यात काय आहे हे कोणीतरी विचारायला हवे होते, हेही मला मान्य आहे.

गेल्या काही वर्षांत हा सगळा मामला आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. आता मजऱ्याऐवजी कॉम्प्युटर आले. डेटा एंट्रीची नोकरी सांगून मुलांना थायलंडमार्गे कंबोडिया, लाओस, म्यानमारला नेतात आणि बंद आवारात ठेवून त्यांच्याकडून फोनवर लोकांना लुबाडून घेतात. मार्च 2024 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले की कंबोडियातून सुमारे 250 भारतीयांना सोडवून परत आणले आहे. मार्च 2025 मध्ये म्यानमारच्या आवारांतून सुटलेल्या 283 जणांना हवाई दलाच्या विमानाने थायलंडच्या माए सोटहून आणावे लागले. लाओसला पाठवण्याच्या प्रकरणात मुंबई पोलिसांकडचा गुन्हा 2024 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने हाती घेतला. त्याच वर्षी रशियात नोकरीच्या नावाने नेऊन युद्धात ढकललेल्या तरुणांबद्दल सी.बी.आय.ने गुन्हा नोंदवून अनेक शहरांत छापे घातले, त्यांत मुंबई होती. इथे पीडित कोण आणि आरोपी कोण? आवारात कोंडलेल्या मुलाने धाकाखाली एखाद्या पेन्शनरचे आयुष्यभराचे पैसे उडवले असतील, तर त्या पेन्शनरची फिर्याद कोणाविरुद्ध? मला वाटते, कोंडलेल्या काळात त्याने जे केले त्याची शिक्षा त्याला होऊ नये. पण जो मुलगा सुटून आल्यावर कमिशनसाठी गल्लीतल्या दुसऱ्या मुलाला तिथे जाण्याचा सल्ला देतो, त्याच्याबाबतीत माझी सहानुभूती संपते. आता त्याला दोन्ही बाजू माहीत आहेत. आखाताच्या धंद्यातही सब-एजंट पुष्कळदा असाच तयार होतो: एकेकाळी फसलेला, मग माणसामागे पाच-दहा हजार मिळतात हे शिकलेला.

इथे हा लेख संपवता आला असता, आणि वाचकांनी कफीलला आणि एजंटाला दोष देऊन पान उलटले असते. पण रत्नागिरीत राहून तेवढ्यावर थांबता येत नाही. आम्ही माणसे पाठवतो तशी माणसे आणतोही. हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबे असतात. मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी खलाशी असतात. त्यांना पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. 1950च्या करारामुळे ये-जा खुली आहे. म्हणून त्यांचा करार बघणारा कोणी प्रोटेक्टरही नाही. हंगामाच्या आधी मुकादमामार्फत उचल दिली जाते, आणि हंगाम संपेपर्यंत खलाशी त्या उचलीला बांधलेला असतो. बहुतेक मालक त्यांना नीट वागवतात. जेवण देतात, आजारपणात डॉक्टरकडे नेतात, आणि उचल घेऊन पळालेल्या खलाशामुळे मालकाचेही नुकसान होते. हे सगळे खरे आहे. चांगले कफीलही असतातच. परंतु 1976चा वेठबिगार निर्मूलन कायदा मालक चांगला आहे की वाईट हे विचारत नाही. आगाऊ पैशाच्या बदल्यात माणसाची दुसरीकडे जाण्याची मोकळीक गेली का, एवढे विचारतो. त्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, दक्षता समित्यांची तरतूद आहे. रायगडमध्ये कातकऱ्यांच्या वीटभट्टीवरच्या उचलीबद्दल निदान बोलले जाते, संघटना आहेत. बोटीवरच्या नेपाळ्याची आई दांग किंवा कैलालीच्या कुठल्या गावात असेल. तिच्या वतीने अर्ज लिहून देणारी शिक्षिका इथे कुठून येणार?

सौदीहून परतलेला तो मुलगा आता बंदरावर एका बोटमालकाकडे कामाला आहे. डिझेल, बर्फ आणि उचलीचा हिशेब लिहितो. मध्यंतरी बसस्टँडवर भेटला. बोलता बोलता म्हणाला की सगळ्या नेपाळ्यांची नागरिकता कार्डे मालकाच्या पत्र्याच्या पेटीत असतात. मी विचारले, का?

"हरवू नयेत म्हणून."

सांगून तो स्वतःच थोडा थांबला. मी विचारले, मग तू काही बोललास का? तो म्हणाला, नाही मॅडम, मालक नात्यातले आहेत. आणि 31 मेला बोटी वर घेतल्या की कार्डे परत देतातच.